अंधारातलं एक मिनिट

अर्ध्या तासात करून देतो म्हणणारा मला चोर वाटला, आणि दीड दिवस लागेल म्हणणारा त्याहून मोठा चोर वाटला. माझा स्वभावच तसा, आणि नोकरीनं तो आणखी पक्का केलाय. न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात मी कागद तपासते. कंटेनरमध्ये फरशा आहेत असं लिहिलेलं असलं, तरी आत फरशाच असतील असं मी धरून चालत नाही. हादिया सील बघितल्याशिवाय दुधाची पिशवीसुद्धा घरात घेत नाही, असं अम्मी शेजारणींना सांगते. जसं काही ती स्वतः फार भोळी आहे.

काम होतं एका डीव्हीडीचं. माझ्या धाकट्या बहिणीच्या, नबीलाच्या मेहंदीची डीव्हीडी. लग्न दोन हजार नऊचं, उरणजवळच्या आमच्या गावच्या घरातलं. मेहंदीला फक्त बायका होत्या, म्हणून शूटिंगलाही पनवेलहून बाई आणली होती. घरातल्या बायका डोक्यावर ओढणी नसताना नाचणार, गाणार, त्यांच्यावर परक्या पुरुषाची नजर पडायला नको, हा आमच्याकडचा नियम. डिस्क आली, एकदा सगळ्या बायकांनी मिळून जुन्या टीव्हीवर बघितली आणि अम्मीच्या कपाटात गेली. नबीला नवऱ्याबरोबर कुवेतला गेली. गेल्या वर्षी तिकडेच, साध्या तापाचं निमित्त होऊन, ती वारली.

मातमपुरशीला, म्हणजे दुःखाच्या भेटीला, पनवेलची फूफी, माझी आत्या, आली होती. रडता रडता ती अम्मीला म्हणाली, "पोरीच्या मनात नव्हतं हे लग्न. तुमी जबरीनं दिलीत."

बास. तेवढं एक वाक्य टाकून फूफी बिर्याणी खाऊन निघून गेली आणि अम्मीची झोप घेऊन गेली. नवऱ्या मुलाची सुट्टी संपत आली होती म्हणून लग्न घाईत ठरलं, हे खरं. नबीलाला बी.एड. करायचं होतं, हेही खरं. पण ती नाही म्हणाली नव्हती. हो तरी म्हणाली होती का, ते आता कुणालाच आठवेना. अम्मी जपमाळ ओढल्यासारखं एकच म्हणायची, "माजी पोर हसत गेली." मग थोड्या वेळानं मलाच विचारायची, "हसत गेली ना गं?"

फोटोंचा अल्बम होता. पण फोटोत काय, हस म्हटलं की सगळेच हसतात. अम्मीला ती मेहंदी बघायची होती. "मला तिचं तोंड बघू दे एकदा. आई हाय मी. बघितलं की कळंल मला." डीव्हीडी प्लेअर कधीच भंगारात गेला होता आणि माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची सोयच नाही. म्हणजे दुकान शोधणं आलं, आणि दुकानात बहुतेक पुरुषच बसलेला असणार.

नेरूळला आमच्या सोसायटीखाली एक दुकान आहे, पण तिथं आमच्या ओळखीपाळखीतले निम्मे लोक झेरॉक्सला येतात. वाशीचा माणूस म्हणाला, अर्ध्या तासात फाईल बनवतो आणि तुम्हाला व्हॉट्सॲपवर टाकतो. मी त्याच्या हातातून डिस्क जवळजवळ हिसकावूनच घेतली. शेवटी कोपरखैरण्यात, जिथं आम्हाला कुत्रंही ओळखत नाही, तिथं गावठाणाच्या तोंडाशी एक दुकान सापडलं. मोबाईलची कव्हरं, पासपोर्ट फोटो, आणि कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर. मालक प्रणय, तिशीचा, तिथल्याच आगरी घरातला. दीड दिवस म्हणणारा तो हाच.

"तीन तासांच्या डीव्हीडीला दीड दिवस?" मी विचारलं.

"मशीन जुनी हाय ताई. आनि तुमाला फाईल आईच्या मोबाईलमध्ये मावेल एवढीशी पायजे. फास्टवर लावली तर होईल तासाभरात, पन चेहरे लिंपल्यासारके दिसतील. वेळ दिला तर तेवढ्याच साईजमध्ये नीट बसतं सगळं."

"साईज तेवढीच, मग वेळ कशाला?"

त्यानं डोकं खाजवलं. "तुमच्यात कोन गल्फला गेलंय का? बॅग तीस किलोचीच असते ना? कोंबाकोंबी केली तर निम्मं ऱ्हातं भायेर, आनि जातं ते चुरगळून जातं. घडी घालीत बसलं तर सगळं मावतं. पन घडी घालाय वेळ लागतो."

नबीलाची बॅग मीच भरली होती. मला पटलं, आणि पटलं म्हणून आणखी संशय आला. गोड बोलून पटवणारी माणसं मी रोज बघते.

"डिस्क ठेवून जा, परवा या," तो म्हणाला.

"ठेवणार नाही."

"मग कॉपी घेऊन डिस्क परत देतो."

"कॉपीसुद्धा तुमच्याकडे राहता कामा नये."

"ताई, मग काम करू कशावर?"

प्रश्न बरोबर होता, त्यामुळे मला रागच आला. मी त्याला स्पष्ट सांगितलं. कॉपी माझ्यासमोर घ्यायची, फाईल झाली की कॉपी माझ्यासमोर डिलीट करायची, आणि मधल्या वेळात स्क्रीनकडे अजिबात बघायचं नाही. का, तेही सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडची हळद तर अख्खा गाव यूट्यूबवर बघतो." मी म्हटलं, तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला. त्यानं वाद घातला नाही. थोडा विचार केला आणि म्हणाला, "मी भिंतीकडं तोंड करून बसेन. पन एक सांगा. त्यात सगळ्यात जास्त अंधार कुठं हाय? अंधार, आनि त्यात बायका हलतायत, असं?"

माझे कान उभे राहिले. "कशाला हवंय?"

"उजेडातलं कसंही केलं तरी दिसतं. बिघडतं ते अंधारातलं. एक मिनिट काढून फास्टवर करायचं, तेच स्लोवर करायचं, आनि बघायचं किती फरक पडतो. मग ठरवायचं. मी बघनार नाय ना, तुमी बघा. तुमी सांगाल तसं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण या माणसाच्या मनात अंधार शोधायचं काय होतं, ते मला उमगेना. तरी शनिवारी सुट्टीच्या दिवशी मी गेले. गेल्या गेल्या आधी दुकान तपासलं. त्याच्यासमोरच्या भिंतीवर मोबाईलच्या काचा टांगलेल्या होत्या. त्यात स्क्रीन दिसेल म्हणून मी त्या उतरवायला लावल्या. वर सीसीटीव्ही होता, त्यावर माझा रुमाल टाकला. त्याचा मोबाईल ड्रॉवरमध्ये घालून ड्रॉवर माझ्याकडे ओढून घेतला. प्रणय हे सगळं मुकाट्यानं बघत होता. "मी पन स्कॅनरमधून जाऊ का ताई?" एवढंच म्हणाला. मी हसले नाही.

डिस्क आत गेली तशी मशीन जात्यासारखी घरघरायला लागली. दोनदा अडकली, दोनदा सुटली. कॉपी एकदाची झाली. त्यानं डिस्क काढून पुन्हा घालून बघितली, तर मशीन तिला ओळखेच ना. त्यानं ती उजेडात धरली. कडेनं पांढुरका डाग पसरला होता. "शेवटचीच वाचली बघा," तो म्हणाला. "आता जे हाय ते या मशीनमध्ये."

मग तो स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला, कीबोर्ड मांडीवर घेऊन. माउस माझ्याकडे, हेडफोन माझ्या एकाच कानावर, दुसरा कान त्याचं ऐकायला मोकळा. तो तोंडी सांगणार, मी दाबणार. कानात ढोलकी आणि बायकांची गाणी घुमायला लागली, एवढी मोठ्यानं की त्यात कुणाचं बोलणं वेगळं ऐकू येत नव्हतं.

मी भराभर पुढे ढकलत गेले. बहुतेक ठिकाणी नाचणाऱ्या बायकाच होत्या, आणि नबीला मान खाली घालून बसलेली. मला ते दुकानात बसून बघायचं नव्हतं. शिवाय मूळ चित्र बघवतही नव्हतं. कुणी जरा हललं की चेहऱ्यावर कंगवा फिरवल्यासारख्या आडव्या रेघा उमटायच्या. जुन्या टीव्हीवर त्या दिसत नसत, प्रणय म्हणाला, स्लोवर लावलं की रेघा आणि वरचा कचरा दोन्ही साफ होतं. मग एके ठिकाणी चित्र एकदम काळं झालं. त्या रात्री गावात लाइट गेली होती. कुणीतरी इमर्जन्सी लॅम्प आणून नबीलाच्या पुढ्यात ठेवला, तेवढाच उजेड. मी तिथं थांबवलं आणि ते मिनिट त्याला दिलं.

फास्टवरचा तुकडा लगेच तयार झाला.

"काय दिसतं?" त्यानं भिंतीला विचारलं.

"अंधार. मागच्या भिंतीवर चौकोन चौकोन."

"चेहरा?"

"पिवळा. गुळगुळीत. डोळ्यांच्या जागी काळं काळं." मग मला जरा पुढे वाकावं लागलं. "दात दिसतायत. हसतेय ती."

मी ते बोलले आणि माझ्याच अंगावरचं ओझं उतरलं. हसत होती. फूफीच्या तोंडात माती! हे अम्मीला कधी दाखवते असं मला झालं.

तेवढ्यात प्रणयची आई डबा घेऊन आली. जमुनाबाई, नाकात मोठी नथ, काखोटीला पिशवी. "काय रं, शालंन शिक्षा केल्यासारका भितीकरं तोंड करून कनाला बसलास?"

"काम हाय आई."

"असलं कसलं काम?" म्हणत ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. बाई माणूस, म्हणून मी अडवलं नाही. तिनं स्क्रीनकडे निरखून बघितलं. "नवरी हाय ना? कवरी चांगली हासते बघ पोर." मला ती बाई एकदम आवडली. तिनं मला डब्यातली भाकरी आणि सुकटीची चटणी देऊ केली, मीही नको म्हटलं नाही. बाकी मी कुणाच्या घरचं न विचारता खात नाही.

ती गेल्यावर प्रणय म्हणाला, "दात दिसले म्हंजे झालं नाय ताई. हातावरची मेहंदी दिसते का? नक्षी?"

"नाही. सगळा हात तपकिरी दिसतो."

"मग नाय चालनार. स्लो लावतो."

याला एवढी कळकळ कसली, असं माझ्या मनात आलंच. तासाभरात काम संपवून मोकळा होण्याऐवजी हा माणूस माझं काम दीड दिवस लांबवायला बघत होता. रात्रभर ती कॉपी याच्या मशीनमध्ये राहणार, मी नेरूळला आणि हा इथं. पण एका मिनिटाचाच तुकडा होता, म्हणून म्हटलं लावा. मशीनचा पंखा ओरडायला लागला. आम्ही दोघं बसलो, तो भिंतीकडे बघत आणि मी त्याच्या पाठीकडे बघत.

"झालं असेल," तो म्हणाला. "बघा."

मी बघितलं. रेघा गेल्या होत्या. भिंतीवरचे चौकोन गेले होते, तिथं आमच्या घराचा पोपडे आलेला निळा रंग दिसत होता. नबीलाच्या तळहातावरची वेलन् वेल मोजता आली असती.

"नक्षी दिसते?"

"दिसते."

"आनि चेहरा?"

चेहराही दिसत होता. ती हसत नव्हती. तिनं खालचा ओठ दातांत धरला होता, एवढा घट्ट की ओठ पांढरा पडला होता. डोळ्यांच्या जागचं काळं म्हणजे काजळ होतं, आणि ते वाहून नाकाच्या बाजूनं खाली आलं होतं. दोन्ही हात मेहंदीचे, त्यामुळे तिला पुसताही येत नव्हतं. मग कॅमेऱ्याच्या बाजूनं कुणीतरी तिला काहीतरी म्हटलं असावं, कारण तिनं वर बघितलं, ओठ सोडला आणि सगळे दात दाखवले. लॅम्प हलला आणि तिनं मान खाली घातली. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. कानात बायका जोरजोरात गात होत्या, आणि भर गर्दीत माझी बहीण एकटी रडत होती. मला हुंदका आला तो मी गिळला. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसालाही ऐकू येतं.

आई हाय मी, बघितलं की कळंल मला. अम्मीला हे बघितलं की खरंच कळलं असतं.

"ताई?"

"काही फरक नाही," मी म्हटलं.

"असं कसं? असं होतच नाय!" तो वळायला लागला.

"वळू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत बघायला लागला. प्रणय जागच्या जागी थिजला.

"फास्टवालीच करा," मी म्हटलं. "सगळी. मी बसते तासभर."

त्यानं मांडीवरचा कीबोर्ड सरळ केला. मग भिंतीकडेच बघत म्हणाला, "ताई, खरं सांगा. मशीन रातभर माझ्याकडं ऱ्हाईल म्हनूनच ना? मी शटर लावून चावी तुमच्याकडं देतो. उद्या दुकान उघडतच नाय, तुमी येऊन तुमीच उघडा. मग तर झालं? पन एवढी कॉपी मिळालीय, ती वाया नका घालवू."

मी त्याच्या जागी असते तर चावी दिली नसती. कुणालाच दिली नसती.

"माझा तुमच्यावर विश्वास नाही," मी म्हटलं. "म्हणूनच."

त्याचे कान लाल झाले. फाईल झाली, ती त्यानं सांगितलं तशी मी माझ्या मोबाईलमध्ये घेतली. मग मी कॉपी डिलीट करायला सांगितली. "डिस्क आता वाचनार नाय," तो म्हणाला. "ही गेली तर संपलं. बघा विचार करून." मी म्हटलं, करा. त्यानं सांगितलं तसं मी बटण दाबलं, दोन्ही तुकडे पुसले, कचऱ्याचा डबाही रिकामा केला. मग त्याला तोंड फिरवायची परवानगी दिली. सीसीटीव्हीवरचा रुमाल त्यानंच काढून माझ्या हातात दिला. "आमी तसली मानसं नाय ताई," तो म्हणाला. मी रुमालाची घडी घातली. तसली माणसं नाहीत हे मला तोवर चांगलं कळलं होतं.

घरी आले तर अम्मी दारातच उभी. तिच्या मोबाईलमध्ये फाईल घालून दिली, अंधारातलं ते मिनिट काढून दिलं आणि मी पाणी प्यायला आत गेले. परत आले तेव्हा तिनं चष्मा कपाळावर चढवून मोबाईल पार नाकाशी धरला होता.

"हसते ना गं?"

"हो."

"दात दिसतात."

"हो अम्मी."

"डोळे नाय दिसत नीट." तिनं मोबाईल लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "त्यानं असं का केलंय? चांगलं करायला सांगितलं नाय तू?"

"घाई केली त्यानं," मी म्हटलं. "माणूस बरा नव्हता."

"मग दुसऱ्याकडं दे. डिस्क हाय ना?"

"डिस्क खराब झाली. वाचत नाही आता. आणि त्याच्याकडची कॉपी मी पुसून टाकायला लावली. आपल्या बायका आहेत त्यात."

तिनं मान डोलावली. तिनंही तेच केलं असतं. पुन्हा ते मिनिट लावलं, संपलं, पुन्हा लावलं. मी ओट्यावरची भांडी लावायला घेतली. लावलेलीच होती, ती काढून पुन्हा लावली.

"हादिया."

"काय?"

"आल्यापासून तू एकदाही इकडं बघितलं नाय."

"मी तिकडे बघितलंय ना. मोठ्या स्क्रीनवर."

"इकडं ये. बस इथं." तिनं शेजारची जागा थोपटली. मी जाऊन बसले. तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला आणि नबीला पुन्हा सुरू केली, पिवळी, गुळगुळीत, दात दाखवणारी. "बघ. बघून सांग मला. हसते ना?"

मी शेवटपर्यंत बघितलं. "हसतेय," मी म्हटलं.

अम्मी मोबाईलकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.